गोल गोटे विकायचे असतील, तर आधी "नाही" म्हणायला शिका



गेल्या महिन्यात चॅनलवर गार्डन आणि फार्महाऊसच्या सामानावरचा व्हिडिओ टाकला. त्यानंतर साकोली, तुमसर, पवनी, अगदी बालाघाटच्या बाजूनेही फोन आले. प्रश्न जवळपास सगळ्यांचा एकच. "सर, ते वाटाण्याएवढे गोल गोटे असतात ना, बागेत टाकतात ते. त्याचा धंदा कसा आहे? आपल्याकडे तर नदीच आहे."

धंदा चांगला आहे. पण "आपल्याकडे तर नदीच आहे" हे वाक्य ऐकलं की मला काळजी वाटते. म्हणून व्हिडिओत दहा मिनिटांत जे बसलं नाही, ते इथे लिहितो.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. गोल गोट्याच्या धंद्यात पैसा गोटे विकण्यात कमी आणि कुठे गोटे टाकायचे नाहीत हे ग्राहकाला सांगण्यात जास्त आहे. जो प्रत्येक जागी गोटे ओततो, त्याचं नाव एका पावसाळ्यात जातं. माझं जवळजवळ गेलं होतं.

आधी माल ओळखा

आपल्याकडे गिट्टी आणि गोटे यातला फरक प्रत्येक मिस्त्रीला माहीत असतो, पण धंद्यात उतरणाऱ्या पोराला बऱ्याचदा नसतो. गिट्टी म्हणजे खाणीतला दगड क्रशरमध्ये फोडलेला. तिला धारदार कोपरे असतात. गोटे म्हणजे नदीने वर्षानुवर्षे घासून गोल केलेले. बागेसाठी जो माल मागतात तो साधारण ६ ते १० एमएमचा, म्हणजे वाटाणा ते हरभरा या मापाचा. इंग्रजीतही त्याला वाटाण्याचंच नाव आहे, पी ग्रॅव्हल.

नर्सरीत जे पांढरेशुभ्र, चमकणारे गोटे पिशवीत मिळतात, ते बहुतेक वेळा नदीचे नसतात. दगडाचे तुकडे ड्रममध्ये फिरवून त्यांची धार घालवलेली असते. तो माल वेगळा, त्याचा ग्राहक वेगळा.

कोपरे आहेत की नाहीत, एवढ्या एका गोष्टीवर सगळा धंदा उभा आहे. धारदार गिट्टीवर रोलर फिरवला की खडे एकमेकांत अडकतात आणि थर घट्ट बसतो. गोल गोटे अडकत नाहीत. ते घरंगळतात. कितीही धुम्मस मारा, वर पाय ठेवला की सरकणारच. दोन गोट्यांमध्ये मोकळी जागाही राहते, म्हणून पाणी लगेच खाली उतरतं. म्हणजे जो गुण पाण्याच्या कामाला हवा, तोच गाडीच्या चाकाखाली दोष होतो.

हे मला पुस्तकाने शिकवलं नाही. बीबीए करताना मार्जिन, ब्रेक-इव्हन सगळं शिकलो. गोटे घरंगळतात हे शिकायला खिशातले पैसे गेले.

माझी चूक

दुकान सुरू करून तिसरं वर्ष होतं. सिमेंट, सळाख, पाइप यात चार पैसे सुटत होते, पण काहीतरी वेगळं करायची खाज होती. एका ग्राहकाने मोबाइलवर फोटो दाखवला. परदेशातला बंगला, गेटपासून पोर्चपर्यंत सोनेरी गोट्यांचा रस्ता. "असंच पाहिजे." मी म्हटलं, "होऊन जाईल दादा."

रस्ता ६० फूट लांब, १० फूट रुंद. म्हणजे ६०० चौरस फूट. मी चार इंचाचा थर धरला. २०० घनफूट, बरोबर दोन ब्रास. वरची माती खरवडली आणि गोटे पसरले. खाली मुरूम नाही, गिट्टी नाही, कापड नाही, कडेला विटांची ओळसुद्धा नाही. उन्हाळ्यात दिसायला एकदम फोटोसारखं. ग्राहक खूश, मी खूश. आम्ही दोघांनी तिथे उभं राहून फोटो काढले.

जमीन होती कन्हार. आपल्या भंडाऱ्याच्या माणसाला कन्हारबद्दल सांगायला नको. उन्हाळ्यात भेगा, पावसात लोणी. मृगाचे दोन पाऊस पडले आणि चाकांच्या दोन नाल्या तयार झाल्या. गोटे चिखलात गेले, चिखल वर आला. पोरांची सायकल रुतायला लागली. त्या घरातल्या आजी काठी घेऊन चालायच्या. त्यांची काठी गोट्यांत खुपसली जायची आणि तोल जायचा. एक दिवस त्या पडल्या. नशिबाने हाड मोडलं नाही, पण ग्राहकाचा फोन आला तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता. "भाऊ, आई पडली," एवढंच म्हणाला. राग परवडला असता.

सगळं उचललं. चिखल काढला, खाली जिओटेक्सटाइल कापड अंथरलं, मुरूम टाकून दाबला, ४० एमएम गिट्टीचा थर रोलर मारून बसवला, वर बारीक गिट्टी आणि चुरी. जे गोटे धुऊन परत मिळाले ते झाडांभोवती आणि घराच्या पागोळ्यांखाली टाकले. त्या कामात नफा सोडा, खिशातले ३८ हजार गेले. त्या ग्राहकाने मला पुढे काम दिलं नाही. मी त्याला दोष देत नाही.

तेव्हापासून माझ्या दुकानात नियम आहे. गाडीच्या रस्त्यासाठी कोणी गोल गोटे मागितले की आधी "नाही", मग चहा, मग समजावणं. तरी हट्टच असेल तर खाली दाबलेल्या गिट्टीचा पाया, कडेला पक्की कड आणि वर गोट्यांचा फक्त दीड-दोन इंचाचा थर. जागा सपाट हवी. उतारावर नाहीच. आणि घरात म्हातारं माणूस किंवा व्हीलचेअर असेल, तर चालायच्या वाटेवर फरशीचे तुकडे किंवा पेव्हर, गोटे फक्त बाजूला.

मग गोटे चालतात कुठे?

बागेत चालतात. झाडाच्या आळ्याभोवती, कुंड्यांच्या रांगेखाली, बसायच्या कोपऱ्यात. पिटेझरीकडून नागझिऱ्याला जाणाऱ्या पर्यटकांसाठी होमस्टे होत आहेत, नागपूरकरांची फार्महाऊस होत आहेत, लग्नाचे लॉन तर गावोगावी आहेत. तिथे याला मागणी आहे. पण ग्राहकाला एक गोष्ट आधीच सांगा. गोटे टाकले की झाडू कायमचा सुटला असं होत नाही. आपल्याकडे सागाची पानं पडतात, ती गोट्यांत अडकून कुजतात आणि त्या मातीत गाजरगवत उगवतं. खाली कापड, कडेला कड आणि महिन्यातून एकदा दाताळ्याने पानं ओढणं, हे तीन केलं तरच ते दोन वर्षांनंतरही बरं दिसतं. महिन्याच्या साफसफाईचा करार तुम्हीच घ्या. छोटं काम आहे, पण दर महिन्याला येणारं आहे.

खरा वाव मात्र पाण्याच्या कामात आहे, आणि तिकडे आपली पोरं बघतच नाहीत. आपल्या जिल्ह्यात वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बराचसा चार महिन्यांत. घराच्या मागे पाणी साचतं, भिंतीला ओल येते, मोरीचं पाणी गल्लीत जातं, शेजाऱ्याशी भांडण होतं. हे दुखणं प्रत्येक मोहल्ल्यात आहे. ज्याचं दुखतं तो पैसे देतो. सजावटीला लोक भाव करतात, भिंतीच्या ओलीला कमी करतात.

तीन कामं शिकून घ्या.

पहिलं, पागोळ्यांचा पट्टा. छपराचं पाणी जिथे पडतं तिथे भिंतीला लागून दीड फूट रुंद, अर्धा फूट खोल चर. चराचा तळ भिंतीपासून बाहेरच्या बाजूला उतरता ठेवायचा. त्यात कापड आणि धुतलेले गोटे. चिखल उडून भिंत खराब होत नाही. अर्ध्या दिवसाचं काम, आणि नवशिक्याला शिकायला सगळ्यात सोपं.

दुसरं, जमिनीखालची नाली. चर खणायचा, दर १०० फुटाला निदान १ फूट उतार द्यायचा, कापड अंथरायचं, गोट्यांचा थर, त्यावर भोकं पाडलेला चार इंची पाइप, भोकं खालच्या बाजूला, पुन्हा गोटे, आणि कापड वरून दुमडून बंद. कापड का? कारण बारीक माती आत आली की गोट्यांमधल्या मोकळ्या जागा भरतात आणि नाली मरते. गोटे धुतलेले का? त्याच कारणासाठी. मातकट माल स्वस्त मिळतो म्हणून टाकला, तर तुम्ही स्वतःच्या हाताने नाली बुजवली. आणि पाणी शेवटी कुठे जाणार हे चर खणायच्या आधी ठरवा. शेजाऱ्याच्या वावरात सोडून येऊ नका.

तिसरं, शोषखड्डा आणि पुनर्भरण खड्डा. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी नावाचं गाव आहे. तिथे घराघरात शोषखड्डे केले, उघडी गटारं गेली आणि डास कमी झाले म्हणून त्या गावाची राज्यभर चर्चा झाली. रोजगार हमीतूनही हे खड्डे होतात. म्हणजे लोकांना हा शब्द माहीत आहे, करणारा हुशार माणूस कमी आहे. छपरावरचं पावसाचं पाणी जमिनीत मुरवायच्या खड्ड्यात खाली मोठे दगड, मध्ये ५ ते १० एमएमचे गोटे आणि सगळ्यात वर जाड रेती, असे थर असतात. गाळ वरच्या रेतीत अडकतो, तेवढी रेती काढून धुता येते. बघा, त्यातला मधला थर म्हणजे आपलाच माल.

पण इथेही "नाही" म्हणायची वेळ येते. कन्हार जमिनीत पाणी फार हळू मुरतं. म्हणून आधी फूटभर खोल खड्डा खणून पाण्याने भरा. ते मुरू द्या. पुन्हा भरा आणि घड्याळ लावा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी संध्याकाळपर्यंत तसंच उभं असेल, तर तिथे शोषखड्डा घेऊन ग्राहकाचे पैसे बुडवू नका. आणि सांडपाण्याचा शोषखड्डा विहिरीपासून, बोअरपासून निदान ५० फूट लांब. घराच्या पायाजवळ तर नाहीच.

हिशेब करा, अंदाज नको

१ ब्रास म्हणजे १०० घनफूट. हे पाठ करा. दोन इंचाच्या थराने १ ब्रासमध्ये ६०० चौरस फूट जागा झाकते. तीन इंचाला ४०० आणि चार इंचाला ३०० चौरस फूट. ग्राहकासमोर मोबाइलचा कॅल्क्युलेटर न काढता हे सांगता आलं की अर्धा विश्वास तिथेच मिळतो.

कोरडे गोटे घनफुटाला साधारण ४५ किलो भरतात. म्हणजे १ ब्रास सुमारे साडेचार टन. छोट्या गाडीत "बसेल, बसेल" म्हणत भरू नका. पाटे तुटतात.

आता खर्च. आकडे समजण्यासाठी धरतोय, तुमच्या गावचे तुम्ही घाला. न चाळलेला माल समजा ४,००० रुपये ब्रास. वाहतूक १,५००. चाळणं आणि धुणं १,२००. एकूण ६,७००. पण चाळल्यावर माती आणि नको त्या मापाचे दगड निघून समजा ७५ घनफूटच चांगला माल उरला. तो भरला ३,३७५ किलो, म्हणजे ४० किलोच्या ८४ गोण्या. एक गोणी पडली सुमारे ८० रुपयांना. गोणी, सुतळी, शिवाई धरून ९२. आपला पोरगा काय करतो? ६,७०० भागिले पूर्ण १०० घनफूट करतो, गोणी ६० रुपयांना पडली समजतो, ८५ ला विकतो आणि वर्षाच्या शेवटी विचारतो की एवढी विक्री होऊन पैसा गेला कुठे. पैसा चाळणीखाली गेला.

कागदाचं थोडक्यात. उद्यम नोंदणी मोफत आहे, कोणाला पैसे देऊ नका. जीएसटीत खडी-गोट्यांना ५ टक्के दर आहे. फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीतून सूट आहे, पण तुम्ही मालाबरोबर बसवून देण्याची सेवाही देत असाल तर मर्यादा २० लाख धरून चाला. सीएला एकदा विचारून घ्या.

नदीचं काय?

आता "आपल्याकडे तर नदीच आहे" या वाक्याकडे येतो.

वैनगंगा आपली आहे हे खरं. पण तिच्या पात्रातली रेती आणि गोटे कोणाच्याही ट्रॅक्टरचे नाहीत. ते गौण खनिज आहे, त्यावर स्वामित्वधन भरावं लागतं आणि वाहतुकीला पास लागतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४८ खाली विनापरवाना मालावर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, आणि वाहन जप्त होतं ते वेगळं. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात ५ हेक्टरपेक्षा लहान क्षेत्रातल्या गौण खनिज उत्खननालाही पर्यावरण मंजुरी हवी असं सांगितलं. १० जून ते ३० सप्टेंबर नदीतून उत्खनन बंद असतं. म्हणजे ज्याचा धंदा पात्रावर उभा आहे, त्याचा धंदा वर्षातले चार महिने तसाही बंद.

धोरणही बदलत राहतं. २०२३ मध्ये शासनाने डेपोतून ६०० रुपये ब्रास दराने रेती द्यायचं ठरवलं. २०२५ मध्ये नवं धोरण आलं आणि पुन्हा लिलाव. ज्याने ६०० रुपये धरून पाच वर्षांचा प्लॅन बनवला असेल, त्याचा प्लॅन दोन वर्षांत जुना झाला.

मलाही रात्री फोन आले आहेत. "अर्ध्या भावात टाकतो, पहाटे येतो, पावती मागू नका." माझ्या ओळखीच्या एका मुलाने हो म्हटलं होतं. बापाने कर्ज काढून घेतलेला ट्रॅक्टर कित्येक महिने आवारात उभा राहिला आणि हप्ते चालू राहिले. अर्ध्या भावाचा माल त्याला किती पटीत पडला, हे तुम्हीच मोजा.

आणि पोलीस-तहसील बाजूला ठेवा. नदीतली रेती आणि गोटे पाणी धरून ठेवतात, काठच्या विहिरींना पाणी त्यातूनच जातं. वर धरण झालं की जाड माल धरणातच अडतो, खाली पहिल्यासारखा भरून येत नाही. पवनीजवळ गोसेखुर्द आपल्या डोळ्यांसमोर आहे. आज पात्र खरवडून मी चार ब्रास विकले आणि उद्या काठच्या माझ्याच मामाची विहीर आटली, तर मी कमावलं काय? मी बाहेरून येऊन कोणाला शिकवत नाही. मी याच पाण्यावर जगतो.

काही जण म्हणतात, "सर, सगळेच तसं करतात, कागदाचा माल महाग पडतो, गिऱ्हाईक दुसरीकडे जातं." जातं, मान्य आहे. पहिल्या वर्षी माझीही बरीच गिऱ्हाइकं गेली. पण रिसॉर्टवाला, शाळा, हॉस्पिटल, सरकारी ठेकेदार हे सगळे बिल मागतात. ज्याच्याकडे बिल आहे तो एकटाच त्या दारात उभा राहू शकतो. स्वस्ताच्या रांगेत पन्नास जण आहेत.

मग माल आणायचा कुठून?

एक जागा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. बांधकामावर प्लास्टरसाठी रेती चाळतात. जाळीवर उरलेले गोटे कोपऱ्यात ढीग होऊन पडतात, नाहीतर पायात भरतात. त्या रेतीचं स्वामित्वधन आधीच भरलेलं असतं. पाच-सहा ठेकेदारांशी बोला, ढीग विकत घ्या, त्यांच्याकडून मूळ रेतीच्या पासची आणि बिलाची झेरॉक्स घ्या. मात्र ट्रॉली भरायच्या आधी जिल्हा खनिकर्म कार्यालयात जा. वाहतूक, साठा आणि विक्रीला कोणता परवाना लागेल ते लेखी विचारा. तोंडी "चालते ना भाऊ" यावर ट्रॅक्टर हलवू नका.

दुसरं, प्रत्येक कामाला गोटेच लागतात असं नाही. चालायच्या वाटेला आणि गाडीच्या रस्त्याला क्रशरची गिट्टीच चांगली. जमिनीखालच्या नालीतही धुतलेली २० एमएम गिट्टी उत्तम चालते, तिथे कोण रंग बघतो? गोटे ठेवा जिथे ते डोळ्यांना दिसतात आणि जिथे अनवाणी पाय पडतात तिथे. बाकी ठिकाणी गिट्टी विका आणि ग्राहकाला सांगून विका. नदीचा माल जेवढा कमी लागेल तेवढं तुमचं काम सोपं आणि नदीचंही.

या आठवड्याचं काम

पैसे गुंतवू नका. तीन गोष्टी करा. आपल्या भागातल्या दहा घरी जाऊन विचारा, पावसाळ्यात पाणी कुठे साचतं. चालू असलेल्या पाच बांधकामांवर जाऊन चाळणीतल्या गोट्यांचं काय करतात ते बघा. आणि स्वतःच्या अंगणात फूटभर खड्डा खणून पाणी किती वेळात मुरतं ते वहीत लिहा.

वही भरली की दुकानावर घेऊन या, सोबत बसून बघू. आणि कोणी मोबाइलवर परदेशी बंगल्याचा फोटो दाखवून "असंच पाहिजे" म्हटलं, तर आधी विचारा, घरात काठी घेऊन चालणारं कोणी आहे का. मी विचारलं नव्हतं.